गोळीनं उपास मोडत नाही

सातारा जिल्हा कारागृह,
४ नोव्हेंबर २०२४

ताई,

काल भाऊबीज होती. सकाळपासून तोंड धुऊन, केस विंचरून बसलो होतो. दुपारपर्यंत बराकीतल्या बाराजणांची नावं पुकारली गेली, माझं नाव आलं नाही. फोनवर पाच मिनिटं मिळतात, त्यात मी ओरडतो आणि तू रडतेस, म्हणून कागद घेतला. आमचे कागद साहेब वाचतात. तेव्हा काही गोष्टी तुझ्या तू समजून घे.

वकील म्हणतात, तुझा जबाब भक्कम हवा. तू शिराळ्याची आशाताई, आरोग्य खात्याची सेविका, तुझ्या शब्दाला कोर्टात वजन पडेल. एवढंच सांग, की १४ सप्टेंबरला वीरधवलनं मारलं त्या दिवसापासून आबांच्या तोंडातून रक्त येत होतं. बाकीचं खोटं काहीच नाही. त्यानं आपला बांध नांगरला, हे खरं. आबा ट्रॅक्टरपुढे जाऊन उभे राहिले, हे खरं. एकाहत्तर वर्षांच्या चुलत्याला त्यानं खोऱ्याच्या दांड्यानं बडवलं, हे तर सगळ्या गावाला माहीत आहे. पोलिसांनी साधी तक्रार लिहून घेतली नि चहा पिऊन गेले. पंचविसाव्या दिवशी, नवरात्राच्या सातव्या माळेला, यमाईच्या देवळात उभ्या उभ्या आबांच्या तोंडातून रक्ताचा लोट आला. माझा शर्ट भिजला, बनियन भिजली. कराड यायच्या आधीच गाडीत माझ्या मांडीवर गेले.

आणि दहाव्याला तो नदीवर आला. भावकीतला ना, सुतक त्यालाही होतं. ज्यानं मारलं तोच आबांसाठी मुंडण करायला वस्तऱ्याखाली बसला. अर्धं डोकं भादरून झालं होतं. मी ट्रॅक्टरच्या पेटीतून कोयता आणला. त्यानं हात आडवा घातला, पहिला वार मनगटावर बसला. दुसरा खांद्यात. तिसऱ्याला मान मोकळी होती, पण माझ्याबरोबर ऊस ओढणाऱ्या कृष्णातनं मागनं कमरेला मिठी मारली. मला पस्तावा नाही, ताई. राहिलेलं काम तेवढं डोक्यात आहे.

जबाबाचं लवकर कळव. आईला सांग, मी जेवतो.

शिवतेज


शिराळा,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. शिवा,

भाऊबीजेला मी आले नाही, कारण मी मिरजेला वीरधवलदादाच्या उशाशी होते. आता हा कागद फाडशील. फाड, आणि राग उतरला की तुकडे गोळा करून पुढचं वाच.

त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. जोडला होता, सहाव्या दिवशी काळा पडला, मग काढला. खांद्याला बावीस टाके आहेत. त्याची बायको समीक्षा माझ्याकडं बघत नाही. मी नेलेला डबा तिनं बाकाखाली सरकवून दिला, आणि मी तिच्या जागी असते तर डबा माझ्याच अंगावर ओतला असता. दादाला मी एकच विचारलं, आबांना का मारलंस. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "डोस्कं फिरलं व्हतं, संयोगिता. दोन दांडं घातलं. एक गुडघ्यावर, एक पाठीत. मारलं, न्हाई कशाला म्हनू."

तर त्यानं मारलं, हे मी कुठल्याही कोर्टात छातीठोक सांगेन. पण तोंडातून रक्त येत होतं हे सांगणार नाही. मार बसल्याच्या तिसऱ्या दिवशी मी गावात होते. आबा लंगडत होते, पण दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि आमटीत मीठ जास्त झालं म्हणून मला चार शब्द सुनावले. रक्ताचं टिपूस नव्हतं. तुझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता मी विचारते त्याचं उत्तर दे. देवळात आबांची पिशवी खुंटीला होती, ती मी घरी आणली. तिच्यात गोळ्यांची अकरा रिकामी पाकिटं निघाली. दोन जातींच्या गोळ्या, दोन्ही दुखण्यावरच्या. आबांना तर मेडिकलची पायरी चढता येत नव्हती. कुणी आणून दिल्या? दिवसाला किती घेत होते? काही खाऊन घेत होते का? खरं लिही. राग मागाहून कर.

आई बरी आहे म्हणण्यासारखी आहे. तुझ्या नावानं रोज ताट वाढते आणि म्हशीला घालते.

संयोगिता


सातारा,
२१ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र खरंच फाडलं होतं. भाताच्या शितांनी चिकटवलं.

गोळ्या मी दिल्या. चोरून दिल्या नाहीत, पोटच्या पोरानं बापाला द्याव्यात तशा दिल्या. आम्ही ऊस ओढणारे सगळे हंगामभर त्याच खातो. चौदा तास ट्रॅक्टरवर बसून कंबर लाकूड होते, मग पहाटे चहाबरोबर एक लाल, एक पिवळी. ही जोडी कृष्णातनं शिकवली. तो म्हणायचा, "येकाच गोळीच्या दोन खाल्ल्या तर डोस वाढतो गड्या. दोन येगळ्या नावाच्या खायच्या, मंग न्हाई वाढत." मेडिकलवाला विचारत नाही, आम्ही सांगत नाही.

आबांना मार बसल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ती जोडी दिली. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता, तिसऱ्या दिवशी उतरला, चालायला लागले. मला वाटलं, जिंकलं. मग नवरात्र आलं. तुला माहीत आहे, ते खडं नवरात्र करायचे. नऊ दिवस बसायचं नाही, पाठ टेकायची नाही, दोरीला टांगलेल्या फळीवर छाती टेकवून डुलकी घ्यायची, पोटात फक्त पाणी आणि कोरा चहा. मी म्हटलं, आबा, यंदा बसा. तर म्हणाले, "अकरा वरसं हुबा ऱ्हायलोय. बाराव्याला त्या पोरानं मारलं म्हनून बसू व्हय? गावात सांगंल, म्हाताऱ्याला बसवला." मग मी जोडी दिवसातून तीनदा केली. त्याशिवाय ते पाय टेकू शकत नव्हते.

तुझा रोख कळतो मला. पण मी विचारतो, गुडघा कुणी फोडला? गुडघा फुटला नसता तर गोळी कशाला लागली असती? मूळ सोडून फांदीला कशाला धरतेस?

गेल्या सोमवारी बराकीत एकजण म्हणाला, "बा मेला तो पित्तानं, आन् हात तोडला दुसऱ्याचा." त्याचे पुढचे दोन दात आता नाहीत. मला चार दिवस वेगळं ठेवलं होतं. तिथं भिंतीवर डोकं आपटत होतो. कपाळ फुटलं ते आईला सांगू नकोस.

शिवतेज


शिराळा,
२ डिसेंबर २०२४

चि. शिवा,

पोस्टमार्टेमचा रिपोर्ट वकिलांकडून मिळाला. तो घेऊन मी इथल्या डॉक्टरबाईंकडं गेले आणि दार लावून घेतलं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

आबांची बरगडी मोडलेली नव्हती. पाठीतल्या माराचा डाग वरच्यावर होता, आत काही फुटलेलं नव्हतं. जठराला मोठी जखम पडून तिथली रक्तवाहिनी उघडी पडली होती. पोट आणि आतडी रक्तानं भरलेली होती.

बाई म्हणाल्या, या गोळ्या दुखणं आणि सूज मारतात, पण पोटाला आतनं जे संरक्षण असतं तेही कमी करतात. तुमच्या लाल-पिवळ्या दोन्ही एकाच जातीच्या, नुसती नावं वेगळी. दोन एकत्र घेतल्या की पोटावर मार दुप्पट. वर वय एकाहत्तर. वर आबा हृदयासाठी रक्त पातळ व्हायची गोळी दोन वर्षं घेत होते, त्यामुळं एकदा वाहायला लागलेलं रक्त थांबेना. जेवून घेतल्या असत्या तरी या वयात, त्या गोळीबरोबर धोका होताच. तीन-चार दिवस, कमीत कमी, डॉक्टरला विचारून, ही त्यांची रीत. आबांनी पंचवीस दिवस घेतल्या, आणि शेवटचे सात दिवस दिवसातून तीनदा, नुसत्या कोऱ्या चहावर.

त्यांनी आणखी एक विचारलं. जाण्याआधी आबांना डांबरासारखी काळी शी झाली होती का? ती म्हणजे पोटात रक्त वाहत असल्याची खूण. त्या दिवशी दवाखाना गाठला असता तर बहुतेक वाचले असते. तुला काही माहीत आहे का?

कृष्णातला मी बळंच तपासायला नेला. पाय सुजलेत, तोंड सुजलंय, मूत्रपिंडं निम्म्यावर आलीत. पाच हंगाम तीच जोडी. त्याला तू निरोप धाडला होतास हेही त्यानं सांगितलं. तुझं राहिलेलं काम तो करणार नाही. रडत होता.

मी जबाबात रिपोर्टमधलंच सांगणार आहे. तुला शिक्षा जास्त लागली तरी.

संयोगिता


सातारा,
९ डिसेंबर २०२४

संयोगिता,

ताई लिहायला हात धजत नाही.

म्हणजे आबांना मी मारलं. हेच म्हणायचंय ना तुला? मग सरळ लिही, डॉक्टरबाईच्या पदराआड कशाला लपतेस? ज्यानं बापाला जनावरासारखा बडवला त्याला डबे नेतेस आणि भावाच्या गळ्यात फास अडकवतेस. किती दिलं त्यानं तुला, की फुकटच विकली गेलीस?

काळी शी झाली होती. घे. पाचव्या माळेला आबा मला म्हणाले, "शिवा, डांबार पडल्यागत पडतंय रं." मी म्हटलं, उपासाचं आहे आबा, कोऱ्या चहानं होतं. सहाव्याला त्यांना घेरी आली, फळीला धरून उभे राहिले. मी त्यांच्या मानेवरचा घाम पुसला आणि अजून एक जोडी दिली. माझ्या या हातानं दिली. झालं समाधान?

मला काय माहीत? मी दहावी नापास ट्रॅक्टरवाला. तू आशाताई. गावभर वह्या घेऊन फिरतेस, बायकांना गोळ्या वाटतेस, कुठली कशी खायची ते सांगतेस. तू का नाही बापाला सांगितलंस? रोज फोन होत होता ना तुझा? तेव्हा तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

१८ तारखेला जामिनावर सुनावणी आहे. वकील म्हणतात, सुटशील. सुटलो की घरी जायच्या आधी त्याच्याकडं जाणार. त्याचा डावा हात अजून आहे, आणि मानही आहे. कागद साहेब वाचत असतील तर वाचू देत.

शिवतेज


शिराळा,
१५ डिसेंबर २०२४

शिवा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दोन महिने गिळून बसले आहे. आज लिहिते.

घटस्थापनेच्या संध्याकाळी आबांचा फोन आला. मी सर्व्हेला वाडीवर होते, अंधार पडायच्या आत चार घरं उरकायची होती. आबा म्हणाले, "संयू, तू शिकलेली हायस म्हनून इचारतो. शिवा दुखन्याची गोळी देतोय. गोळीनं उपास मोडतो का गं?" मला हसू आलं. सगळ्या गावाचा पंच असलेला बाप मला विचारतोय, याचा अभिमानही वाटला. मी म्हटलं, "आबा, गोळी म्हणजे काय अन्न आहे का? गोळीनं उपास मोडत नाही. पाण्याबरोबर खुशाल घ्या." ते म्हणाले, "तू म्हनतीस तर बरोबर. न्हाईतर मी सोडनारच व्हतो. देवीचं नऊ दिस दुखलं तर दुखलं म्हनलं."

ऐकलंस? ते सोडणार होते. गोळ्या बंद करणार होते. मी घ्या म्हटलं.

त्यांनी उपासाचं विचारलं आणि मी उपासाचं उत्तर दिलं. कुठली गोळी, किती, हृदयाच्या गोळीबरोबर का, एकही प्रश्न मी विचारला नाही. हेच प्रश्न मी रोज परक्या बायांना विचारते. ते प्रशिक्षणात आम्हाला पाठ करून घेतलेले असतात. पुढे सहा दिवस रोज फोन केला, आरतीचं विचारलं, फुलांचं विचारलं, पोटाचं नाही विचारलं. तुझ्याकडं न शिकल्याची सबब आहे. माझ्याकडं तीही नाही.

काल मी पोलीस ठाण्यात जाऊन हे सगळं जबाबात लिहून आले. मग तशीच दादाच्या घरी गेले आणि समीक्षेसमोर सांगितलं. तिनं माझ्या थोबाडीत दिली. कानातलं तुटून पडलं. मी गाल पुढंच ठेवला, तिनं दुसऱ्यांदा हात उचलला आणि खाली बसली. दादा डाव्या हातानं कानातलं शोधत होता. त्याला ते उचलता येईना.

आता तुझ्या राहिलेल्या कामाचं. गुडघ्याचा हिशोब तू मनगटावर वसूल केलास. आबांच्या जिवाचा हिशोब मागायचा असेल तर कोयता घेऊन आधी शिराळ्याला ये. दार उघडं असेल. फोन मी उजव्या हातात धरला होता. तो तोड, मग ज्या हातानं सहाव्या माळेला जोडी दिलीस तो तुझा तोड, आणि त्यानंतरही रग उरली तर दादाच्या दारात जा. मी पोलिसांना तुझ्याबद्दल सांगणार नाही. आईला मात्र तू सांगून ये.

तुझ्यावर माझी माया आहे, शिवा. ती कमी झालेली नाही. म्हणून असं लिहिते.

ताई


सातारा,
११ जानेवारी २०२५

ताई,

संक्रांत तोंडावर आली तरी तुला उत्तर गेलं नाही. लिहायला घ्यायचो आणि पेन मोडायचो. पहारेकऱ्यानं तिसरं पेन देताना शिवी दिली.

तुझं पत्र वाचल्यावर पहिले दोन दिवस मी तुलाच मारत होतो. मनातल्या मनात, पण साग्रसंगीत. दार उघडं होतं, तू हात पुढं केलास, मी वार केला, पुन्हा केला. लाज वाटते लिहायला, पण तू सगळं लिहिलंस, मग मी का लपवू? तिसऱ्या दिवशी वार करताना समोर तू नव्हतीस, आबा होते, आणि विचारत होते, उपास मोडतो का रं. मी दोन्ही हात बराकीच्या गजांत अडकवून बसलो. शेजारचा घाबरून लांब झोपला.

मी त्यांना मारलं ताई. तूही मारलंस. वीरधवलदादानंही मारलं. आणि थोडे ते स्वतःच्या हट्टानं गेले, हेही म्हणतो, रागावू नकोस. पण कोयता मी एकट्यानंच उचलला. तो हात त्याला परत येणार नाही. मी हे वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, असलं कोर्टात बोललास तर केस गेली. मी म्हटलं, जाऊ दे. काळ्या शीचं आणि जोडीचं सगळं मी लिहून त्यांच्याकडं दिलंय. तुझ्या जबाबाशेजारी लावा म्हटलं.

आता मुद्द्याचं. जामीन मंजूर झालाय. दोन जामीनदार हवेत, आणि भाऊजी व सूरजमामा सही करायला तयार आहेत असा निरोप आला. आईनं माझी खोली झाडून ठेवली, हेही कळलं.

भाऊजींना सांग, सही करू नका. मामांनाही सांग.

काल जेवणाच्या रांगेत एकाचा धक्का लागला. नुसता धक्का. माझा हात कमरेला गेला, कोयत्याच्या जागी. तिथं काही नव्हतं म्हणून तो पोरगा आज जिवंत आहे. मला सगळं कळलंय, पटलंय, रडूनही झालंय, पण हाताला अजून काही कळलेलं नाही. दादाचं घर आपल्या घरापासून चाळीस पावलांवर आहे. तो डाव्या हातानं पाणी शेंदताना दिसला तर मी काय करीन, पाया पडेन का मान धरीन, ते मला आज सांगता येत नाही.

मला त्याची भीती नाही, कोर्टाची नाही, माझीच वाटते. गज आहेत तोवर मी बरा आहे. आईला काय सांगायचं ते तू ठरव. सही तेवढी होऊ देऊ नकोस.

शिवा